हुंदक्याचं गाणं

बोगदा कॅम्प, हिमाचल
१७ ऑगस्ट २०२५

आदरणीय धम्मानंद मामा,

जयभीम. तुमच्यासारखं 'सविनय जयभीम' लिहिणार होतो, पण सविनय लिहिताना दोनदा खोडावं लागलं. म्हणून साधाच घ्या.

तुमचं पत्र भेटलं. किराण्याची जीप आठवड्यातून एकदा खालून येते, तिच्यात बटाट्याच्या पोत्यावर बसून आलं. पोरं विचारत होते, कोर्टाची नोटीस आहे का बे? मी सांगितलं, माझे मामा आहेत, कोराडीच्या पावर हाऊसमधून रिटायर झाले. त्यायले वाटते का मी फोनवर नुसता हो-हो करतो, म्हणून पत्र लिहितात. तसाही इथं फोन कुठं लागते. बोगद्यात नेऊ देत नाहीत, अन् बाहेर डोंगर आडवा येते.

काम बरं आहे. समोरचे लोक खडक फोडतात, मागून आम्ही नळीनं भिंतीवर सिमेंट मारतो. संध्याकाळी नेपाळी, बिहारी अन् नागपुरी एकाच रंगाचे होऊन बाहेर निघतात. सुरतेत टिकलो नाही, हैदराबादेत टिकलो नाही, इथं टिकणार का हे मामीनं विचारू नये. इथून पळायले रस्ता एकच आहे अन् तो सध्या अर्धा दरडीखाली आहे.

आता तुमचा हुकूम. गाणाऱ्या बायजाबाईच्या सत्काराच्या दिवशी वाचायले मी 'हुंदक्याच्या गाण्यावर' दोन पानं लिहून पाठवावी. मामा, मी आठवी नापास. आमचे गुरुजी आईले म्हणत, याले बाकावर बसवायचं असंल तर पयले बाक बांधून ठेवा. तुमच्या श्रोता मंडळात पाच जण आहेत, पाचही मॅट्रिक. त्यायनं लिहावं.

तरी मले जेवढं माहीत तेवढं लिहितो. बाईच्या कॅसेटची साइड ए लोकांची अन् साइड बी बाईची, हे तुमचंच वाक्य. साइड एवरचं शाळेच्या घंटेचं गाणं अख्ख्या नागपूरले पाठ आहे. साइड बीचं शेवटचं गाणं फक्त तुमच्या मंडळाले. ढोलकीच्या आधी बाई एक हुंदका देते. मग एवढ्या हळू, एवढ्या जड आवाजात म्हणते:

चालला गं पाव्हना, गाडी लागली दारी,
कोन खाईन आता माझ्या वाट्याची भाकरी.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाले तुमी ते लावलं तेव्हा मी मांडवात खुर्च्या लावून राहिलो होतो. दोन दिवस मी नुसतं कामच करत होतो. हुंदका ऐकला अन् खुर्ची हातातच राहिली. कोणीतरी येऊन ती सोडवली.

एवढंच. याची दोन पानं होत नाहीत.

तुमचा भाचा,
प्रशिक


कोराडी
२७ ऑगस्ट २०२५

चि. प्रशिक यास सविनय जयभीम.

(खोडाखोड न करता लिहिलं आहे, पाहून घे.)

तुझं पत्र रविवारी मंडळात वाचून दाखवलं. बाक बांधण्यापर्यंत सगळे हसत होते. खुर्चीचं वाक्य आलं तेव्हा कोणी हसलं नाही. दोन पानं नकोत, तेवढंच मी सभेत वाचणार आहे. तुझी ऱ्हस्व-दीर्घाची लाज राखून वाचीन.

कार्यक्रम पक्का झाला. १२ ऑक्टोबर, रविवार, आपल्या विहारात. बायजाबाई पाचपावलीला लेकीकडे असतात. पंच्याहत्तरी ओलांडली. दहा-बारा वर्षांत कोणी गायला बोलावलं नाही. मी आमंत्रण घेऊन गेलो तर विचारलं, कोणतं गाणं पाहिजे, घंटेचं ना? मी म्हटलं, नाही, साइड बीचं शेवटचं. बाईला आठवेनाच. बघ, ज्या गाण्यानं आम्ही जगलो ते गाणारीच्याच लक्षात नाही. म्हणून मी जास्त काही सांगितलं नाही. म्हटलं, तिथंच ऐका.

बेत असा. आधी मी अर्धा तास बोलणार. विषय, 'अनित्यता आणि बायजाबाई'. तुझी मामी म्हणते, अर्धा तास बोलले तर लोकायले अनित्यता आपोआप समजंल. मग टेप लावायची. सगळी वस्ती उभी राहील, माना खाली. बाई समोर बसलेल्या असतील आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळेल, की त्यांच्या एका गाण्यानं आमची किती माणसं पोचवली. माझी आई, मंडळाचे दोघं, तुझी आई भावना. इतकी वर्षं वस्तीत मला टेपवाला म्हणून चिडवतात, प्रशिक. त्या दिवशी तरी त्यांना दिसेल की मी काय जपून ठेवलं होतं.

तुझे बाबा येणार नाही म्हणतात. भावना गेल्यापासून ते फाटकाशी खुर्ची टाकून कोळशाचे ट्रक पाहत बसतात. मी बोलत असलो तरी ट्रकच पाहतात. तू फोन केलास तर तुझ्याशी तरी दोन शब्द बोलतील.

तुझा,
धम्मानंद मामा


बोगदा कॅम्प
७ सप्टेंबर २०२५

मामा, जयभीम.

घाईत लिहून राहिलो, जीप उभी आहे.

एक विचारतो, रागावू नका. तुमच्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा शेवटी कधी बदलला? अन् ती साइड बी तुमी स्वतः उतरवली होती का कोणाकडून आणली? गाण्याच्या शेवटी काय होते, संपते का तुटते?

काही खास नाही, असंच.

दुसरं. सत्काराले घंटेचंच गाणं लावलं तर काय बिघडते? बाईले पाठ आहे, लोकायले पाठ आहे, पोरंसोरं टाळ्या वाजवतील. आनंदाच्या दिवशी हुंदका कशाले? अन् माझं खुर्चीचं वाक्य वाचू नका. ते मी असंच लिहून टाकलं होतं.

बाकी ठीक. थंडी पडून राहिली.

प्रशिक


कोराडी
१६ सप्टेंबर २०२५

चि. प्रशिक यास जयभीम.

सविनय मुद्दाम लिहिलं नाही.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तिचं मत पडलं की पोरगं कुठल्यातरी पहाडी पोरीच्या मागे लागलं असेल, म्हणून दुःखाची गाणी नकोशी झाली. माझं मत पडलं की थंडीच्या नावाखाली तू काहीतरी प्यायला लागला आहेस. दोन्हीपैकी काय ते कळव. पोरगी असेल तर मामी साडी घ्यायला सीताबर्डीला जायला तयार आहे. तिला एवढंच निमित्त पुरतं.

आता टेपचं. माझ्या टू-इन-वनवर आजवर कोणी संशय घेतला नव्हता, तो तू घेतलास. पट्टा कंपनीचा आहे, घेतला तेव्हाचा. वस्तू नीट वापरली तर बदलावी लागत नाही. साइड बी मी स्वतःच उतरवली. प्लांटातल्या एकाची बदली चंद्रपूरला झाली होती, ओरिजनल कॅसेट त्याची. त्यानं एका संध्याकाळपुरती दिली. साइड ए तर गल्लोगल्ली वाजत होती, म्हणून फक्त साइड बीसाठी एक कोरी कॅसेट घेतली, शेजाऱ्याचा डेक मागून आणला, माझ्या टू-इन-वनवर ती वाजवली आणि त्याच्यावर भरली.

शेवटी गाणं तुटतं. कोऱ्या कॅसेटची बाजू जरा आधी संपली. 'उभी राहून अंगणी मी पाहून राहिली वाट', आणि खट्ट. पण बाबा, ते कुठं तुटावं तिथंच तुटलं. मृत्यू कोणाला कडवं पूर्ण करू देतो? हे वाक्य माझ्या भाषणात आहे. मंडळानं माना डोलावल्या आहेत.

आणि आनंदाच्या दिवशी हुंदका कशाला, असं तू मला विचारतोस. तुझी आई गेली तेव्हा मी भाऊ म्हणून सगळं केलं. लाकडं, मांडव, भन्तेजींना निरोप. डोळ्यांतून पाणी आलं नाही. लोक म्हणाले, धम्मानंद दगड आहे. हुंदका वाजला आणि मी तिथंच खाली बसलो. तुझ्या हातातली खुर्ची सोडवणारा मीच होतो. मला बसायला पाहिजे होती.

गाणं तेच लागेल.

धम्मानंद


बोगदा कॅम्प
२५ सप्टेंबर २०२५

मामा, सविनय जयभीम.

पोरगी नाही. दारूही नाही. मामीले सांगा सीताबर्डीची बस धरू नये.

तुमचं पत्र वाचून वाटलं होतं का गप बसावं. पण तुमी बाईले समोर बसवून, सगळ्या वस्तीले उभं करून ते गाणं लावणार. मग गप बसणं बरोबर नाही. खाली बसून वाचा.

आमच्या इथं देवराव म्हणून डंपर चालवणारे आहेत, काटोलचे. पयले संत्र्याचे ट्रक चालवत. त्यायच्यापाशी मेमरी कार्डात बायजाबाईची सगळी कॅसेट आहे, दोन्ही साइडी. त्यायच्या भावानं ओरिजनलवरून भरली. त्या दिवशी जेवताना त्यायनं लावली. घंटेचं गाणं झालं, मी पोरायले शान मारत होतो का या बाईचा आमच्या विहारात सत्कार आहे. मग शेवटी आपलं गाणं आलं.

मामा, ते नाचायचं गाणं आहे.

ढोलकी अशी का नेपाळी पोरं ताट वाजवायले लागले. बाईचा आवाज पोरीसारखा, पातळ, वर. मले वाटलं देवराव गंमत करतात, फोनमध्ये गाणं पळवतात. मी उठून त्यायची कॉलर धरली. म्हटलं, हे माझ्या आईचं गाणं आहे, याची टिंगल केली तर डंपरसकट खाली ढकलीन. लोकायनं ओढून बाजूले केलं.

देवराव चांगला माणूस. कॉलर सारखी केली अन् म्हणाले, "बाप्पा, मी पळवलं असतं तं घंटेचं गाणंबी पळालं नसतं का? ते तं बरोबर होतं ना?"

घंटेचं गाणं बरोबर होतं. ते आपण स्टेजवर, लाउडस्पीकरवर, सगळीकडं ऐकलं, त्याची चाल आपल्याले माहीत आहे. साइड बी मात्र आपण फक्त तुमच्या टेपवरच ऐकली. मी देवरावले तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, पट्टा ढिला पडला का टेप हळू फिरते, आवाज जाड होते. हळू वाजवून भरलं म्हणूनच कोरी कॅसेट पुरली नाही. अन् भरलेली कॅसेट परत त्याच ढिल्या पट्ट्यावर वाजते, म्हणजे अजून हळू.

हुंदका हुंदका नाही, मामा. बाई सुरू करायच्या आधी खुदकन हसते. बाजूचा कोणीतरी तिले हसवते.

अन् जे तुटलं ते कडवं हे:

तीन महिने राहिला, कोंबडी नाही ठेवली,
जाता जाता जावयानं चादर बी नेली.

सासुरवाडीत ठाण मांडून बसलेल्या जावयाचं गाणं आहे. तो शेवटी जाऊन राहिला म्हणून सासू खुश आहे. आपण त्यावर माना खाली घालून उभे राहिलो.

पयले दोन दिवस मले लय राग आला. तुमचा नाही, कोणाचा ते समजत नव्हतं. आईले असं पोचवलं म्हणून. डोंगराकडं पाहून शिव्या दिल्या. मग तिसऱ्या दिवशी नळी धरून उभा होतो तर एकदम आठवलं का मिल बंद पडली तेव्हा बाबा तुमच्याच घरी येऊन राहिले होते. किती दिवस राहिले ते आई सांगत नव्हती, पण आजीच्या कोंबड्या सरल्या हे सांगत होती. आईनं हे कडवं ऐकलं असतं तर ती बाबांकडं बोट दाखवून हसली असती. पदर तोंडात धरून हसत होती ना ती, तशी. मी तिथंच हसायले लागलो. सुपरवायझरले वाटलं का मले गॅस लागला. बाहेर पाठवलं.

तर तुमी ठरवा. देवरावनं कार्ड दिलं, पत्रासोबत लिफाफ्यात चिकटवलं आहे. मामीच्या फोनमध्ये टाकून ऐका. त्यायले कार्ड परत पाहिजे.

एवढं सांगतो, माझ्या हातातली खुर्ची खोटी नव्हती.

प्रशिक


बोगदा कॅम्प
५ ऑक्टोबर २०२५

मामा,

खाली उतरून फोन केला होता, मामीनं सांगितलंच असंल. म्हणे लिफाफा आला, तुमी कार्ड ऐकलं, तेव्हापासून टू-इन-वन पुढ्यात घेऊन बसले आहात अन् कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, त्यायले द्या. मामी म्हणे, "ते टेपशी बोलून राहिले, मधात कशी जाऊ?"

बाबांशीही बोललो. त्यायनं विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, हो. मागून ट्रकचा आवाज येत होता.

हे पत्र कार्यक्रमाच्या आधी पोचणार नाही हे मले समजते. तरी लिहून राहिलो. रागावले असाल तर तसं लिहा. शिव्या लिहिल्या तरी चालतील, ऱ्हस्व-दीर्घ मी तपासणार नाही.

प्रशिक


कोराडी
१४ ऑक्टोबर २०२५

चि. प्रशिक यास सविनय जयभीम.

राग आला होता. तुझा नाही, देवरावचाही नाही. कार्ड एकदा ऐकलं, मग टेप ऐकली, मग परत कार्ड. हसू ऐकलं की हुंदका आठवायचा आणि हुंदका ऐकला की हसू. मामी म्हणाली, एकतर गाणं बंद करा नाहीतर जेवण बंद करते. शेवटी मी टेप पिशवीत घातली आणि पाचपावलीला गेलो.

बाईंना आमची टेप ऐकवली. त्या डोळे बारीक करून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोन म्हातारी गाऊन राहिली गा?"

मी म्हटलं, "बाई, तुमीच."

"मी? मी तं तवा पस्तिशीची होती."

मग काटोलच्या देवरावच्या कार्डापासून सगळं सांगितलं. आई गेली तेव्हा, मंडळाचे दोघं गेले तेव्हा, भावना गेली तेव्हा. मला वाटलं रागावतील, नाहीतर हसतील. परत लाव म्हणाल्या. खट्ट झाल्यावर विचारलं, "यावर लोक खरंच रडले?" मी हो म्हटलं. बाई लेकीला म्हणाल्या, "चहा ठेव वं." निघताना मी विचारलं की रविवारी काय करायचं. म्हणाल्या, "टेप नको लावू. मीच म्हणतो."

रविवारी विहार भरलं होतं. अनित्यतेवरचं भाषण मी दहा मिनिटांत आटोपलं. मामी अजून सर्वांना सांगत फिरते आहे. कडवं पूर्ण न होण्याचं वाक्य गाळलं. खुर्चीचं वाचलं. ते गाळावं असं मला वाटलं नाही, तुला विचारत बसलो नाही. मग म्हटलं, आज टेप नाही, बाई स्वतः म्हणतील. सवयीनं सगळी वस्ती उठून उभी राहिली, माना खाली. बाईंनी त्यांना बसवलं नाही.

त्यांनी सुरुवात केली. ढोलकीवाला तरुण पोरगा, त्यानं तुझ्या कार्डातली चाल धरली. तीन शब्दांत बाईंचा दम तुटला. त्यांनी हातानं त्याला हळू केलं. अजून हळू. आणि मग ज्या चालीवर त्या थांबल्या, प्रशिक, ती माझ्या टेपची चाल होती. आवाजही तोच, जड, खालचा. मी तुला शपथेवर सांगतो. मंडळातले चौघं माझ्याकडे पाहून माना हलवत होते, जणू मी बाईंना शिकवून आणलं.

लोक रडले. नेहमीसारखेच. मग 'पाहून राहिली वाट' आली, सर्वांनी खट्टची वाट पाहिली आणि बाई पुढे गेल्या. तीन महिने राहिला. माना वर झाल्या. कोंबडी नाही ठेवली. कोणाला काही समजेना. जावयानं चादर बी नेली म्हटल्यावर आधी मागे बायकांत एक हसली, मग सगळं विहार. रडता रडता हसणं आवरत नाही, नाकातून पाणी येतं, तसं. तुझे बाबा आले होते. मामीनं त्यांना खुर्चीसकट उचलून आणते अशी धमकी दिली होती. सगळे हसत असताना ते उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "चादर मी नाही नेली. भावनानं ट्रंकेत टाकली होती." एवढं बोलून ते खाली बसले आणि खांदे हलेपर्यंत हसले. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो.

मंडळाचं मत असं पडलं आहे की शेवटचं कडवं बाईंनी आत्ताच जोडलं. मी काही बोललो नाही. तूही बोलू नको.

आता माझं ऐक. तू आणि तुझा तो देवराव म्हणाल की टेप चुकीची होती. मी मानत नाही. त्या वेळी बाई पस्तिशीच्या होत्या, त्यांना ते गाणं पुरतं म्हणताच येत नव्हतं. माझी टेप बरोबर होती. बाईंना तिथवर पोचायला वेळ लागला, एवढंच.

कार्ड देवरावला परत मिळणार नाही. त्याचं कारण सांगतो. सत्कार झाल्यावर शाल नीट करत बाई मला म्हणाल्या, "आता इथं कोनी गेलं तं टेप नको लावू. मले बोलाव. मी येऊन म्हणत जाईन."

मी जरा थट्टेनं विचारलं, "अन् बाई, तुमीच गेल्या तर?"

बाई खुदकन हसल्या.

"तवा ते काटोलवालं लाव," म्हणाल्या. "अन् लोकायले उभं नको करू. नाचू दे."

तुझा,
धम्मानंद मामा